अनोळखी माणसाचे देणे

जर्मन माणूस शिस्तीचा असतो, पण मायेचा नसतो, असा एक समज आपल्याकडे पुष्कळ वर्षे रूढ आहे. तो पसरविण्याचे काम मुख्यतः तिकडून सुट्टीवर येणाऱ्या आपल्याच मंडळींनी केले आहे. दक्षिण जर्मनीत सतरा वर्षे राहून आणि दर दीड-दोन वर्षांनी मुंबईला येऊन-जाऊन प्रस्तुत लेखकाला या समजाची दोन्ही टोके परिचयाची झाली आहेत. तिकडे असताना इथली माया आठवते आणि इकडे उतरल्यावर तिथली शिस्त. पण माया आणि शिस्त या खरोखरच परस्परविरोधी गोष्टी आहेत काय, याचा विचार सहसा होत नाही.

तो करण्याची आता निकड निर्माण झाली आहे, कारण हा प्रश्न मूठभर संशोधकांचा आणि अभियंत्यांचा उरलेला नाही. जर्मन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या आज सर्वांत मोठी आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती सुमारे ४९ हजार होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे जर्मन राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठविण्यासंबंधी करार झाला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट आणि आपली मुंबई यांचे भगिनी-शहरांचे नाते तर १९६८ पासूनचे आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेला मुलगा नामांची तीन लिंगे आणि चार विभक्ती घोकून जातो. पण तिथल्या माणसाच्या नकाराचा अर्थ, त्याच्या मौनाचा अर्थ, भर रस्त्यात त्याने केलेल्या सूचनेचा अर्थ त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. मग हे लोक आपल्याला तुच्छ लेखतात, असे तो पहिल्या सहा महिन्यांतच ठरवून टाकतो. कधी कधी ते खरेही असते. परदेशी संगणकतज्ज्ञांना परवाने देण्याची योजना २००० साली जर्मनीत आली, तेव्हा ‘भारतीय नकोत, मुले हवीत’ अशा अर्थाची यमकबद्ध घोषणा तिथल्या एका प्रांतिक निवडणुकीत गाजली होती. पण पुष्कळदा ते खरे नसते. अवहेलना आणि निराळी रीत यांतला भेद ज्याला ओळखता येत नाही, त्याला परक्या शहरातले लांबलचक हिवाळे एका खोलीत एकट्याने काढावे लागतात. म्हणून हा विषय केवळ दिवाणखान्यातल्या गप्पांचा नाही.

या दोन रीती शेजारी शेजारी पाहायच्या असतील, तर फ्रँकफुर्टहून मुंबईला येणाऱ्या विमानासारखी दुसरी जागा नाही. सुमारे आठ तास दोन्ही समाज एकाच छताखाली, गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असतात. विमानाच्या दाराशी गर्दी करण्यात दोघांतही फारसे डावे-उजवे नसते. रांगेच्या बाबतीत जर्मन माणूस इंग्रजाची बरोबरी कधीच करू शकला नाही; हाती क्रमांकाची चिठ्ठी नसेल, तर बसच्या दाराशी तोही रेटतो. फरक दिसू लागतो तो आत गेल्यावर. आपल्याकडचे एखादे कुटुंब असते. आजी एका रांगेत आणि सून-नातवंडे दुसऱ्या रांगेत अशी विभागणी झालेली असते. शेजारच्या जर्मन प्रवाशाला जागा बदलण्याची विनंती केली जाते. ‘ही जागा मी मुद्दाम राखून घेतली आहे, मला इथेच बसायचे आहे,’ असे तो सरळ सांगतो. त्याच्या स्वरात राग नसतो आणि संकोचही नसतो. आपल्यापैकी कुणाला हीच विनंती केली असती, तर तो बहुधा उठला असता आणि नंतर आठ तास मनातल्या मनात चरफडत राहिला असता. पण त्याच आजींना पुढे वरच्या कप्प्यातली पिशवी काढता येईना, की तोच जर्मन प्रवासी कुणी न सांगता उठतो, पिशवी काढून त्यांच्या हाती देतो आणि पुन्हा पुस्तकात डोके घालतो. त्यांचे नाव, गाव, मुलगा काय करतो, यांपैकी काहीही तो विचारीत नाही.

दुसऱ्या बाजूला आपली दोन माणसे शेजारी आली, की विमान तुर्कस्तान ओलांडते न ओलांडते तोच त्यांना नाशिक किंवा सांगलीचा कुणी सामाईक परिचित सापडलेला असतो. डबा उघडतो, लाडू पुढे होतो आणि उतरेपर्यंत दूरध्वनी क्रमांकांची देवघेव झालेली असते. ही ऊब खरी असते, तिच्यात दिखाऊपणा नसतो. मात्र त्याच वेळी त्यांच्यापैकी एकाच्या हातातील यंत्रावर चित्रपटाची गाणी मोठ्याने चालू असतात आणि पुढच्या रांगेतला माणूस कानांवर हात ठेवून बसलेला असतो, याची त्या दोघांना दखलही नसते. तो वळून ‘कृपा करून कानात यंत्र घालून ऐका’ असे म्हणतो, तेव्हा चारचौघांत अपमान झाला असे वाटते. आणि मुंबईला उतरताना तोच माणूस, ज्याच्याशी चार शब्दही बोलणे झाले नाही अशा शेजाऱ्याला, न चुकता ‘आउफ वीडरझेहेन’ म्हणजे ‘पुन्हा भेटू’ म्हणून निरोप देतो. यांपैकी कोणते वर्तन सुसंस्कृत मानायचे? बहुतेकांचे उत्तर ते कोणत्या दिशेने प्रवास करीत आहेत, यावर अवलंबून असते.

जर्मन शिष्टाचाराची चर्चा निघाली, की तिथे एक नाव हटकून येते. आडोल्फ फ्रायहेर क्निगे (१७५२–१७९६) याचा ‘माणसांशी वागण्याविषयी’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ १७८८ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जर्मन भाषेत ‘क्निगे’ हे जवळजवळ सामान्यनामच झाले आहे. काटा-चमचा कसा धरावा, पत्राचा मायना कसा लिहावा हे सांगणाऱ्या कोणत्याही मार्गदर्शिकेला लोक ‘क्निगे’ म्हणतात. मूळ ग्रंथ मात्र तसा नाही. ताटातील शिष्टाचारांची भर पुढे इतरांनी घातली. क्निगेचा विषय होता निरनिराळ्या स्वभावांच्या, वयांच्या आणि दर्जांच्या माणसांशी सचोटीने व समंजसपणे कसे वागावे हा. आई-वडील, शेजारी, यजमान, नोकर, धनी, विद्वान, सरदार या सर्वांचा त्याने विचार केला आहे. त्या वेळचा जर्मनी शेकडो लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला होता. एका गावचे आचार दुसऱ्या गावी चालत नसत. वरच्या वर्गाची बोली खालच्या वर्गाला उमगत नसे. अशा देशात ज्याचे कुळ-गोत्र ठाऊक नाही त्या माणसाशी कसे वागावे, हा प्रश्न रोजचाच होता. जर्मन सौजन्याचा पाया इथे सापडतो असे मला वाटते. समोरचा माणूस माझा कोण, हे कळण्यापूर्वीच त्याला माझ्याकडून काही देणे लागते, ही त्यामागची भूमिका आहे.

भाषेकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. जर्मनमध्ये ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही किंवा आपण. हे ‘झी’ मुळात ‘ते’ या अनेकवचनी सर्वनामाचेच रूप आहे, त्यामुळे ‘गुरुजी आले, ते बसले’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते चटकन समजते. देवाला आणि आईला दोन्ही भाषांत ‘तू’च म्हणतात. साम्य मात्र इथे संपते. आपल्याकडे वडीलधाऱ्याने ‘अरे’ म्हणायचे आणि धाकट्याने ‘अहो’ म्हणायचे. साहेबाने शिपायाला एकेरीत हाक मारायची आणि शिपायाने ‘जी साहेब’ म्हणायचे. आदर खालून वर चढतो आणि माया वरून खाली उतरते. जर्मनीत आज दोन प्रौढ माणसांमध्ये संबोधन दुतर्फा सारखे असावे लागते. दोघेही ‘झी’ म्हणतील किंवा दोघेही ‘डू’ म्हणतील. ‘झी’वरून ‘डू’वर यायचे तर तसे रीतसर सुचवावे लागते, आणि सुचविण्याचा मान वयाने किंवा पदाने मोठ्या असलेल्याचा. शिक्षक-वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे विद्यार्थी साधारण सोळा वर्षांचा होऊन शाळेच्या वरच्या वर्गांत गेला, की शिक्षकाने त्याला ‘झी’ म्हणावे असा संकेत आहे. पूर्वीप्रमाणे ‘डू’ चालू ठेवायचे असेल तर विद्यार्थ्यांची संमती घ्यावी लागते. आपल्याकडे गुरुजींच्या ‘अरे’मध्ये जिव्हाळा असतो, हे मला नाकारायचे नाही. पण त्या ‘अरे’ला उलट उत्तर देण्याची सोय नसते, हेही तितकेच खरे आहे.

संबोधनाविषयीची ही दक्षता कालानुरूप बदलतही आली आहे. अविवाहित स्त्रीला ‘फ्रॉइलाइन’ म्हणण्याची पद्धत पश्चिम जर्मनीच्या सरकारी कारभारातून १९७० च्या दशकाच्या आरंभी काढून टाकण्यात आली. पुरुषाला त्याच्या विवाहाविषयी कुणी विचारीत नाही, मग स्त्रीच्या नावामागे ती खूण कशासाठी, असा तो युक्तिवाद होता. ‘कुमारी’ आणि ‘सौभाग्यवती’ यांच्या रकाने भरणाऱ्या आपल्या कचेऱ्यांना तो अपरिचित वाटू नये. जुलै २०२१ मध्ये लुफ्तान्झा या विमान कंपनीने ‘सन्माननीय स्त्री-पुरुषहो’ या अर्थाचे परंपरागत संबोधन सोडून सर्वांना सामावून घेणारे अभिवादन वापरण्याचे जाहीर केले, तेव्हा तिथे बरीच खडाजंगी झाली. कुणी हसले, कुणी रागावले. पण विमानातील एका वाक्यावर इतक्या गंभीरपणे वाद घालणारा समाज शिष्टाचाराला केवळ उपचार समजत नाही, हे त्यातून दिसले.

अनोळखी माणसाचे हे देणे तिथे रोजच्या व्यवहारात ठायी ठायी दिसते. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेर थांबलेल्या रोग्यांमध्ये नवा माणूस आला, की तो सर्वांना मिळून ‘गुटन टाग’ म्हणतो आणि सर्व जण उत्तर देतात. मग पुन्हा शांतता. महामार्गावर वाहने खोळंबली, की दोन्ही बाजूंची वाहने कडेला सरकून मधोमध एक वाट मोकळी ठेवतात. तिला ‘रेटुंग्सगासे’, म्हणजे बचावाची गल्ली, असे नाव आहे. रुग्णवाहिका दिसल्यावर वाट द्यायची असा हा नियम नाही. ती येईल या अपेक्षेने आधीच द्यायची असा आहे. प्रत्येक मोटारीत प्रथमोपचाराची पेटी सक्तीची आहे आणि वाहन चालविण्याचा परवाना प्रथमोपचाराचे शिक्षण घेतल्याविना मिळत नाही. अपघातात सापडलेल्याला शक्य असूनही मदत न करणे हा तिथल्या दंडसंहितेच्या ३२३-क या कलमाखाली गुन्हा आहे. जखमी माणूस कोणाचा कोण, हे कुणी विचारीत नाही. दयेवर विसंबून न राहता दयेचे किमान माप कायद्यानेच ठरवून टाकले आहे.

ज्या टोकण्यामुळे आपली मुले दुखावतात, ते टोकणेही याच वृत्तीतून येते. तांबडा दिवा असताना, रस्त्यावर एकही वाहन नसताना, कुणी पलीकडे गेले की एखादी वृद्धा ‘मुले पाहत आहेत’ म्हणून सुनावते. रविवारी गवत कापण्याचे यंत्र चालविले तर शेजारी येऊन सांगतो, आणि त्याच्या पाठीशी केवळ त्याची चीड नसते. रविवार हा विसाव्याचा दिवस म्हणून जर्मनीच्या मूलभूत कायद्यातच संरक्षित आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील ते कलम १९४९ मध्ये जसेच्या तसे स्वीकारण्यात आले. टोकणारा माणूस तुम्हाला हाकलून देत नसतो. हा नियम जितका माझा तितकाच तुमचा, असे तो मानत असतो. परक्याला कुणी टोकत नाही. ज्याला घरातला मानतात त्यालाच टोकतात, हे आपल्याकडील शहाणपण इथे थोडेसे लागू पडते.

एवढे सांगितल्यावर जर्मन शिष्टाचाराची आरती ओवाळणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या वक्तशीरपणाचे आपण एवढे कौतुक करतो, त्याची आजची स्थिती पाहा. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी केवळ ६२.५ टक्के गाड्या वेळेवर धावल्या; आणि सहा मिनिटांहून कमी उशीर हा तिथे उशीर धरला जात नाही. राष्ट्राचा स्वभाव म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवितो, ती पुष्कळदा रुळांच्या, पुलांच्या आणि नोकरवर्गाच्या देखभालीची करामत असते. देखभाल थांबली की स्वभावही थांबतो.

याहून गंभीर आक्षेप इतिहासाचा आहे. नियमाने चालणारे सौजन्य नियम बदलला की कोठे जाते? जुलै १९३३ मध्ये जर्मनीतील सरकारी नोकरांना हिटलरच्या नावाचे अभिवादन सक्तीचे करण्यात आले. ‘शुभ दिन’ म्हणण्याची साधी रीत एका रात्रीत निष्ठेची परीक्षा झाली. कालपर्यंत जिन्यात भेटल्यावर टोपी काढणारा शेजारी आज ज्यू शेजाऱ्याकडे न पाहता निघून जाऊ लागला. अनोळखी माणसालाही देणे लागते या तत्त्वातून काही माणसे माणूसपणाच्या व्याख्येबाहेर ढकलली, की उरलेल्यांशी सौजन्याने वागत राहणे सहज शक्य असते. ही त्या समाजाच्या शिस्तीची सर्वांत काळी बाजू होय.

त्याच्या थोडे आधी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, आपल्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवट्यांच्या असममितीवर संशोधन करीत होत्या. गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व कवटीच्या रचनेत दिसते, अशी त्या प्राध्यापकांची धारणा होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि तसा निष्कर्ष त्यांतून निघत नाही, असे प्रबंधात मांडले. गुरूपुढे मान तुकविण्याचे संस्कार घेऊन गेलेल्या एका परदेशी विद्यार्थिनीने मोजमापांशी प्रामाणिक राहणे हा अधिक मोठा शिष्टाचार मानला. जर्मनीनेही पुढे तोच धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. माणसाची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे, हे १९४९ च्या मूलभूत कायद्याचे पहिलेच वाक्य आहे. तिथला आजचा ‘गुटन टाग’ त्या वाक्याच्या सावलीत उच्चारला जातो.

आता मायदेशी परतणाऱ्याकडे वळू. खरी पंचाईत त्याची होते. जर्मनीत मीठ पुढे करणाऱ्या आईलाही मुलगा ‘डांके’ म्हणतो. ती सवय लागलेला आपला मुलगा घरी येऊन आईला ‘थँक यू’ म्हणतो आणि आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. मुलगा परका झाला, असे तिला वाटते. आपल्याकडे आभार परक्यांचे मानायचे असतात, आपल्यांचे ऋण ठेवायचे असते. तिकडे एकदा ‘नको’ म्हटले की वाढणारा हात थांबतो. आग्रह करणे म्हणजे समोरच्याच्या शब्दावर अविश्वास दाखविणे. इकडे पहिला ‘नको’ कुणी मोजतच नाही, आणि आग्रह न करणारी यजमानीण कंजूष ठरते. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपण परंपरेने करतो. जर्मन माणसाच्या कोशात मात्र ‘टेर्मीन’ आहे, आधी ठरविलेली वेळ. ‘येण्यापूर्वी कळवाल का?’ असे सुट्टीवर आलेल्या भाच्याने मामांना विचारले, तर त्याचे जर्मन शिक्षण पूर्ण झाले, आणि मामांशी संबंध बहुधा संपले.

अशा वेळी परतलेल्याने संस्कृतीच्या तपासनिसाची टोपी घालून घरात वावरू नये. आणि घरच्यांनीही त्याच्या प्रत्येक सरळ शब्दाला गर्वाचा शिक्का मारू नये. आग्रहात अडाणीपणा नाही आणि स्पष्ट नकारात उद्दामपणा नाही. आपली माया ही फार मोठी ठेव आहे. आजारपणात, मृत्यूत, बेकारीत आपल्याकडे जी माणसे दारात उभी राहतात, ती कोणत्याही दंडसंहितेने पाठविलेली नसतात. जर्मनीतील वृद्धांच्या कित्येक घरांत रविवारची घटनासिद्ध शांतता फार जड होते, हेही मी पाहिले आहे.

पण आपल्या मायेला एक कुंपण आहे, आणि ते ओळखीचे आहे. जो आपला त्याला सर्व काही. जो कुणाचाच नाही त्याला नजरसुद्धा नाही. तालुक्याच्या कचेरीत दाखला घ्यायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पुष्कळदा ‘काय काम आहे?’ हा नसतो, ‘कोणाकडून आलात?’ हा असतो. चिठ्ठी असली तर खुर्ची मिळते, चहा मिळतो, दाखलाही मिळतो. चिठ्ठी नसली तर ‘उद्या या’. खिडकीमागचा लेखनिक दुष्ट नसतो. घरी तो प्रेमळ बाप आणि आज्ञाधारक मुलगा असतो. खिडकीबाहेरच्या माणसालाही काही देणे लागते, हे त्याला कुणी शिकविलेले नसते इतकेच. जर्मन कचेरीतला कारकूनही हसत नाही आणि चहा विचारीत नाही. परदेशी नागरिकांच्या कचेऱ्यांत तर भेटीची वेळ मिळण्यासाठीच कित्येकदा महिने जातात. पण तो ज्या कोरडेपणाने मला वागवितो, त्याच कोरडेपणाने तो नगरपित्याच्या भाच्यालाही वागवील, असा भरवसा मला सहसा वाटतो. ज्याच्या पाठीशी कुणी नाही अशा माणसाला या भरवशाचे मोल कळते, आणि परदेशी गेलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी तसाच असतो.

आपल्या वाचकांत शिक्षक आहेत, कचेऱ्यांत काम करणारे आहेत, उद्या परदेशी जाऊ पाहणारे विद्यार्थी आहेत. जर्मनांसारखे व्हा, असे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. उसनी शिस्त विमानतळापर्यंतच टिकते. आपल्याजवळ ‘आपण’ हा एक अपूर्व शब्द आहे. तो आदरानेही वापरता येतो, आणि त्यात बोलणारा व ऐकणारा दोघेही सामावतात. जर्मन ‘झी’मध्ये ही सोय नाही. अनोळखी माणसाला ‘आपण’ म्हणताना त्या शब्दाचे दोन्ही अर्थ मनात ठेवले, तर बाहेरून फारसे काही आणावे लागणार नाही.